मांजराची लघवी आणि पाण्याची वाटी

वऱ्हाडात मांजर नाही असे गाव सापडणार नाही. ज्वारीच्या कोठीला उंदीर लागू नये, म्हणून कास्तकार मांजर राहू देतो. ढोरांना आपण वेळेवर पाणी पाजतो. मांजराला मात्र कोणी पाणी विचारीत नाही. "पिऊन घेईल कुठंतरी," असे म्हणून आपण मोकळे होतो. मग कधी मांजराची लघवी अडते आणि चांगले धडधाकट जनावर दगावते. हे कसे होते ते पाहू.

मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते. उंदराच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असते. तेवढ्यावर रानमांजराचे भागते. पण घरच्या मांजराला आपण कोरडी भाकर टाकतो. शहरात लोक पाकिटातले दाणे घालतात. त्या दाण्यांत शंभरात दहा भागच पाणी असते. पाणी कमी पडले की लघवी दाट होते. दाट लघवीत क्षार साचतात व त्यांचे बारीक खडे बनतात. खाऱ्या पाण्याने घागरीला आतून पांढरा थर धरतो ना, तसेच हे.

कधी खडा नसतानाही लघवीची पिशवी सुजते. घरात दुसरे जनावर आले, जागा बदलली, कोणी मारझोड केली, की मांजर भेदरते. भेदरण्यानेही हे दुखणे होते.

बोक्याला धोका फार. त्याची लघवीची नळी अरुंद असते. खडा किंवा चिकट बोळा अडकला की वाट बंद. पिशवी तट्ट फुगते. मूत्रपिंडे काम सोडतात. रक्तात विष साचते आणि दोन-तीन दिवसांत बोका मरतो.

लक्षणे ध्यानात ठेवा. मांजर घडीघडी लघवीला बसते. कण्हते. थेंब पडतो, नाही तर तोही नाही. लघवीत रक्त दिसते. ते लघवीची जागा सारखी चाटते. पुष्कळांना वाटते, शौचाला होत नसेल. तिथेच वेळ जातो.

आता घरचे उपाय. हे उपाय दुखणे होऊ नये म्हणून आहेत.

एक. चार किलोच्या मांजराला अन्नातले धरून दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाणी लागते. पसरट वाटीत ताजे पाणी ठेवा. दोन ठिकाणी ठेवले तर उत्तम. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा वाटी सावलीत ठेवा आणि दिवसातून दोनदा पाणी बदला. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आपण पितो तेच गोडे पाणी मांजरालाही द्या.

दोन. अन्न ओलसर द्या. मासळी किंवा मटण शिजवलेले बिनमिठाचे पाणी भाकरीवर घाला. त्यात कांदा-लसूण नको. तो मांजराला बाधतो. नुसत्या भाकरीवर मांजर पोसत नाही. त्याला मांस-मासळी हवीच.

तीन. लघवीसाठी माती किंवा रेती भरलेले घमेले निवांत कोपऱ्यात ठेवा. ते रोज साफ करा. घाण जागा असली की मांजर लघवी दाबून धरते.

पण लघवी अडली, की घरचा उपाय थांबवा. माणसाची लघवी अडली तर ओटीपोटावर पळसाची फुले बांधतात, गोखरूचा काढा पाजतात. बोक्यावर हे करू नका. काढ्याने लघवी वाढेल, पण वाट बंद असेल तर ती जाणार कुठे? पोट दाबू नका. पॅरासिटेमॉलची गोळी तर मुळीच देऊ नका. माणसाला ती चालते, मांजराला ती विष आहे.

अशा वेळी त्याच दिवशी ढोरांचा दवाखाना गाठा. डॉक्टर नळी घालून वाट मोकळी करतात. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. जवळच्या दवाखान्यात इलाज झाला नाही, तर तिथे चौकशी करावी. पहाटे लघवी अडली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते कुठे बसते, किती वेळ बसते, याकडे घरच्यांनीच लक्ष द्यावे. पाण्याच्या वाटीला तर पैसाही लागत नाही.