चिपटे, मापटे आणि लुटुपुटीचे दुकान

व्यापारी घरांतील जुन्या खेळण्यांची यादी करावयास बसले, तर बाहुलीच्याही आधी तराजूचे नाव घ्यावे लागेल. नारळाच्या दोन करवंट्या किंवा पत्र्याच्या डब्यांची दोन झाकणे, सुतळीचे तुकडे आणि मधोमध बांधलेली एक काठी एवढ्या भांडवलावर ओसरीवरचे दुकान उघडे. वाळूची साखर होई, विटेच्या चुऱ्याचे तिखट होई, चिंचोके नाण्यांच्या जागी चालत. समोरच्या गिऱ्हाइकाने दांडीकडे बोट दाखविले की दुकानदाराला आणखी चिमूटभर वाळू टाकावी लागे. व्यवहाराचा पहिला धडा असा हसतखेळत मिळत असे.

सावंतवाडीच्या चितारआळीत घडणारी लाकडी भातुकली ज्या घरी येई, तेथे या दुकानाला कायमचे गिऱ्हाईक लाभे. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची ती रंगीत चूल, जाते आणि पाटा-वरवंटा यांवर मुलींचा संसार थाटला जाई. त्या संसाराला लागणारा शिधा शेजारच्या लुटुपुटीच्या दुकानातूनच मोजून घ्यावा लागे.

खेळातल्या या मोजणीचे मूळ माजघरात होते. धान्याच्या कणग्यांजवळ चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली ही मापे उतरंडीसारखी मांडलेली असत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली, असा दुपटीचा हिशेब पाटीवर येण्याआधीच मुलांच्या हाताला ठाऊक होई. माप सपाट भरावयाचे की शीग लावून, यावर सासू-सुनांत वाद झडत. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत तर लहान मुलेही कटाक्षाने पाळीत.

पेढीवरचे जग याहून निराळे होते. तेथे मापाचा नव्हे, वजनाचा शेर चाले. ऐंशी तोळ्यांचा किंवा सोळा छटाकांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण. गादी, तक्क्या, ढाळते मेज, दौत, बोरू आणि लाल कापडी बांधणीच्या चोपड्या यांना मुलांनी हात लावावयाचा नसे. मात्र संध्याकाळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणून दाखविल्यावाचून सुटका नसे. रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट आणि पया एकशे ब्याण्णव. अशा नाण्यांच्या राज्यात अपूर्णांकांच्या पाढ्यांवाचून पान हलत नव्हते.

या साऱ्याला १ एप्रिल १९५७ रोजी धक्का बसला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे नेमके होत. पण एका आण्याचे सव्वासहा होत आणि त्या पाव पैशासाठी दुकानादुकानांत हुज्जत होई. पाठोपाठ, १९५६ च्या कायद्यान्वये किलो आणि ग्रॅमही टप्प्याटप्प्याने बाजारात आले. शेर आणि छटाकांची वजने दुकानातून घरी आली, घरातून माळ्यावर गेली. ‘चार आणे’ हा शब्द मात्र लोकांच्या तोंडी टिकून राहिला. पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले ते जून २०११ च्या अखेरीस.

वजन-मापाकडे आपल्या समाजाने केवळ व्यवहार म्हणून पाहिले नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे अतिचार सांगताना ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे घेताना जास्त आणि देताना कमी मोजणे, याची स्पष्ट गणना आहे. म्हणून कडेला घासून उणे झालेले माप जुनी जाणती माणसे बाजूला ठेवीत. ‘दांडी मारणारा’ हा शब्द पेढीला लागू नये, याची काळजी नफ्याहून मोठी असे.

आज जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. वाटण्या होतात, तेव्हा जमिनीचा आणि सोन्याचा हिशेब काटेकोर होतो. माळ्यावरचे पोते मात्र कोणी उघडूनही पाहत नाही. ज्या पायलीने गावाला धान्य मोजून दिले, तीच पायली मोडीच्या काट्यावर किलोच्या भावाने चढते. हाती येणारी रक्कम किरकोळ असते आणि गेलेली वस्तू परत मिळत नाही.

अशाच वस्तूंचे मोल पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी ओळखले. अडकित्ते, दिवे, भांडी अशा नित्याच्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने उभा केलेला तो संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. प्रत्येक घराला संग्रहालय उभारता येणार नाही. पण एक फडताळ राखता येईल. येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळा उघडावा, घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, तिचा उपयोग आणि ती कोणाच्या हातची, एवढे लिहिले तरी पुरे. चिपटे कोणते आणि मापटे कोणते, हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.