जीपीएसचे सेल नेमके कशाने संपतात?

धुळ्याचे देवपूर सोडून आग्रा रोडने शिरपूरच्या दिशेने निघाले की पुढे सातपुड्याची रांग दिसू लागते. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर या डोंगरपट्ट्यात हातातल्या जीपीएस यंत्राला वेगळेच महत्त्व आले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर कुटुंबामागे कमाल ४ हेक्टरपर्यंत हक्क सांगता येतो. त्यासाठी तुकड्याची हद्द ठरवायची, तर यंत्र हातात धरून बांधाबांधाने फिरावे लागते. शेजारच्या गुजरातमध्ये, नर्मदा जिल्ह्यात, ‘आर्च-वाहिनी’ या संस्थेने गावातल्या तरुणांनाच ही मोजणी शिकवली.

१ हेक्टरच्या चौकोनी तुकड्याचा फेरा ४०० मीटरच भरतो. पण दिवसभरात असे बरेच तुकडे उरकायचे असतात. भर दुपारी यंत्राने मान टाकली, की पाड्यावरच्या दुकानात जो सेल मिळेल तो घालून वेळ मारून नेली जाते. यंत्र चालले नाही, तर दोष ‘रेंज’ला, उपग्रहाला किंवा कंपनीला. खरी गोम बहुतेक वेळा सेलच्या निवडीत आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये असते.

गैरसमज : यंत्र सतत उपग्रहाला संदेश पाठवते, म्हणून सेल लवकर उतरतात.

वस्तुस्थिती : साधे जीपीएस यंत्र काहीच पाठवत नाही, फक्त ऐकते. जळगाव आकाशवाणी लावलेला रेडिओ केंद्राला उत्तर देत नाही, तसेच हे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वेळ आणि आपली जागा सांगत राहतात. त्यावरून यंत्र आपले ठिकाण काढते. या कामाला वीज लागते, पण बेताची. गार्मिनच्या ई-ट्रेक्स २२एक्सचे उदाहरण घ्या. दोन पेन्सिल सेलवर २५ तास, असा कंपनीचा दावा आहे. २,००० मिलिअँपिअर-तासांचे सेल धरले, तर सरासरी खर्च ८० मिलिअँपिअरच्या घरात येतो.

हे गणित बिघडवतो तो पडद्यामागचा दिवा. तो पूर्ण उजेडावर सतत जळत राहिला, तर २५ तास कागदावरच राहतात. गंमत अशी, की या यंत्रांचा पडदा अंगावर पडलेले ऊन परतवून दिसतो. खानदेशच्या उन्हात त्याला दिव्याची गरजच नसते. मोबाइलवर उजेड वाढवायची सवय झालेला माणूस इथेही तेच करतो आणि फुकट वीज घालवतो. दिवा १५ सेकंदांत आपोआप विझेल असे ठेवावे. बॅटरी-बचतीची सोय असेल तर तीही चालू करावी. पडदा बंद राहतो, वाटेची नोंद मात्र होत राहते.

गैरसमज : नवा कोरा सेल घातला म्हणजे झाले, सेल सगळे सारखेच.

वस्तुस्थिती : दुकानात स्वस्तात मिळणारा साधा सेल हा झिंक-कार्बनचा. भिंतीवरच्या घड्याळाला तो वर्षभर पुरतो, कारण घड्याळाची भूक मिलिअँपिअरच्या अंशाएवढी असते. जीपीएसची भूक त्याच्या कितीतरी पट. तिथे हा सेल अल्कलाइनच्या निम्म्यानेही टिकत नाही, आणि संपल्यावर आत ठेवला तर गळून पत्र्या खातो. उलटही खरे आहे : जीपीएसने ‘संपला’ म्हणून नाकारलेला अल्कलाइन सेल घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये पुढे कित्येक महिने चालतो. एक नवा, एक जुना अशी जोडी मात्र लावू नये. अशक्त सेल आधी बसतो आणि चांगल्यालाही कामातून घालवतो.

गैरसमज : रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, १.५ व्होल्टच्या यंत्राला तो पुरत नाही.

वस्तुस्थिती : अल्कलाइन सेल १.५ व्होल्टने सुरुवात करतो आणि वापरागणिक घसरत जातो. निकेल-मेटल-हायड्राइडचा रिचार्जेबल सेल जवळजवळ शेवटपर्यंत १.२च्या आसपास टिकून राहतो. यंत्राला तो पूर्ण चालतो. फसगत होते ती बॅटरीच्या चिन्हाने. यंत्रात सेलचा प्रकार ‘अल्कलाइन’ नोंदलेला असेल, तर भरलेला रिचार्जेबल सेलही त्याला अर्धा रिकामा वाटतो. सेटअपमध्ये सिस्टीम उघडून तिथे प्रकार बदलायला अर्धे मिनिटही लागत नाही. सेल बदलला की हेही बदलावे.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. अगदी पेन्सिल सेलच्या आकाराचा, पण ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल बाजारात मिळतो. त्याचे नाव १४५००. असे दोन सेल घातले तर ३ व्होल्टच्या यंत्रात ७.४ व्होल्ट जातील आणि ते जळू शकेल. वेष्टनावरचा आकडा वाचल्याशिवाय सेल आत घालू नये.

गैरसमज : रिचार्जेबल सेल पार संपवूनच पुन्हा भरावा, नाहीतर त्याला ‘सवय’ लागते.

वस्तुस्थिती : ही निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली शिकवण. आताच्या सेलला ती लागू नाही. उलट पार निचरा केल्याने जोडीतला अशक्त सेल उलटा भरला जाऊन खराब होतो. यापेक्षा जपायची गोष्ट वेगळी आहे. जुन्या धाटणीचे रिचार्जेबल सेल नुसते पडून राहिले तरी महिन्या-दोन महिन्यांत बरेच उतरतात. सान्योने २००५ साली आणलेल्या एनेलूपपासून कमी गळतीचे सेल रुळले. ते वर्षभर ठेवले तरी बहुतांश वीज शाबूत राहते. अधूनमधून होणाऱ्या मोजणीला हेच घ्यावेत.

गैरसमज : दर तुकड्यानंतर यंत्र बंद केले की मोठी बचत होते.

वस्तुस्थिती : तासभर जेवायला बसायचे असेल तर जरूर बंद करावे. पाच-दहा मिनिटांसाठी नको, कारण चालू केल्यावर यंत्राला उपग्रह पुन्हा गाठावे लागतात. उपग्रहाचा नेमका ठावठिकाणा सांगणारी माहिती दर ३० सेकंदांनी येते आणि काही तासच उपयोगी पडते. सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला तर १२.५ मिनिटे लागतात, कारण पारंपरिक संदेशाचा वेग सेकंदाला अवघा ५० बिट आहे. महिनोन्‌महिने बंद असलेले यंत्र म्हणूनच पहिल्यांदा वेळ घेते. ते मोजणीच्या आदल्या दिवशी गच्चीवर उघड्या आभाळाखाली सुरू करून ठेवावे.

गैरसमज : सेल काढले की मोजलेले सगळे पुसले जाते.

वस्तुस्थिती : जतन केलेले बिंदू आणि वाटा आजच्या यंत्रांत कायमस्वरूपी स्मृतीत राहतात. चालू फेरा जतन करावा, यंत्र रीतसर बंद करावे, मग सेल बदलावेत.

गैरसमज : पॉवर बँक जोडली की आतले सेल चार्ज होतात.

वस्तुस्थिती : पेन्सिल सेलच्या बहुतेक यंत्रांत तारेतून येणाऱ्या विजेवर यंत्र चालते, सेल भरत नाहीत. शिवाय यंत्राची ओढ इतकी कमी, की काही पॉवर बँका काहीच जोडलेले नाही असे समजून आपोआप बंद पडतात. घरीच तासभर जोडून पाहावे.

गैरसमज : जितक्या जास्त उपग्रहप्रणाली चालू, तितके चांगले.

वस्तुस्थिती : ग्लोनाससारखी दुसरी प्रणाली जोडली की वीज जास्त लागते. सातपुड्याच्या घळीत, दाट झाडीत तिचा फायदा होतो. तापीकाठच्या उघड्या शेतात नुसते जीपीएसही भागवते.

उरला उन्हाळा. मे महिन्यात धुळे-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. तिथे ठेवलेल्या सेलचे आयुष्य घटते. फ्रिज हा उपाय नव्हे, बाहेर काढल्यावर त्यावर ओल धरते. घरातली कोरडी, सावलीची जागा पुरे. तिथे अल्कलाइन सेल वर्षाला दोन-तीन टक्केच उतरतो.

एक-दोन दिवसांच्या मोजणीसाठी कमी गळतीच्या रिचार्जेबल सेलच्या दोन जोड्या आणि अडीअडचणीला १.५ व्होल्टच्या डिस्पोजेबल लिथियम सेलची एक जोडी घ्यावी. हे लिथियम सेल महाग असतात, पण हलके असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. खरेदी देवपूर-धुळ्यातच उरकावी, कारण शिरपूरच्या पुढे पाड्यांवर बहुधा घड्याळाचेच सेल मिळतात.