आकस्मिक पूर : शहापूर–मुरबाड परिसर

मुसळधार पाऊस सुरू झाल्यापासून सामान्यतः सहा तासांच्या आत येणारा व बहुधा तितक्याच वेगाने ओसरणारा पूर. मोठ्या नदीचा पूर वरच्या खोऱ्यातून पूर्वसूचना देत येतो. लहान नदीच्या बाबतीत तेवढा अवधी मिळत नाही.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या कड्यालगत पश्चिमेस आहेत. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कड्यापाशी वर चढून थंड होतात व जोराचा पाऊस देतात. भातसा, काळू यांसारख्या नद्या थोड्याच अंतरात कड्यावरून सखल भागात उतरतात. उतारावरील बेसाल्ट खडकावर मातीचा थर पातळ असतो आणि जुलैपर्यंत तो पाण्याने संपृक्त होतो. नंतरचे बहुतेक पाणी न मुरता वाहू लागते. १ चौ. किमी. क्षेत्रावर १०० मिमी. पाऊस पडल्यास १ लक्ष घ. मी. पाणी जमते. ते तासाभरात एकाच ओढ्यात उतरल्यास त्याचा प्रवाह दर सेकंदास सु. २८ घ. मी. होईल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या शेजारून हे पाणी वाहून जाते, हा या भागातील मोठा विरोधाभास होय.

शहापूर गावातून भारंगी नदी वाहते. ७ जुलै २०२४ रोजी तिच्या पुराचे पाणी काठच्या वस्तीत शिरले व उभी वाहने वाहून गेली. त्याच दिवशी आटगावनजीक लोहमार्गावर माती आल्याने कसारा मार्गावरील वाहतूक खंडित झाली. पात्रालगतची बांधकामे, अरुंद मोऱ्या आणि त्यांत अडकणारा पालापाचोळा यांमुळे पाण्याची पातळी आणखी चढते.

अशा पुराचा दोष धरणास देण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी बरोबर नाही, कारण जलाशयाच्या पाणलोटाबाहेरील ओढ्यांचे पाणी धरणास अडविता येत नाही. मात्र धरणातून मोठा विसर्ग चालू असल्यास मुख्य नदी फुगते व उपनद्यांचे पाणी मागे तुंबते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाची आकस्मिक पूर मार्गदर्शन प्रणाली २०२० मध्ये कार्यान्वित झाली. तीद्वारे पाणलोट क्षेत्रांतील सहा तासांच्या धोक्याचा अंदाज दिला जातो; विशिष्ट पूल केव्हा बुडेल हे त्यावरून समजत नाही. वाहत्या पाण्याची सु. ३० सेंमी. खोलीदेखील लहान मोटारगाडी सरकविण्यास पुरते, तर ६० सेंमी. खोलीत बहुतेक वाहने वाहून जातात.