आशाताई कोरोनाच्या कामाला गेल्या तेव्हा

साथ आली की नवी माणसं लगेच मिळत नाहीत. आहेत त्यांच्याच सेवा तात्पुरत्या वर्ग कराव्या लागतात. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठीच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई, म्हणजे आशा स्वयंसेविका, दारोदार फिरल्या. कपाळाशी थर्मल गन, बोटाला ऑक्सिमीटर, मग घरात मधुमेह, रक्तदाब कुणाला, याची नोंद. ओळखीची बाई म्हणून दारं उघडली. पण गरोदर बायांच्या भेटी, बाळांचं लसीकरण हीसुद्धा त्यांचीच कामं! क्षयरोगाची यंत्रणाही कोरोनाकडे वळली होती. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये जेमतेम १८ लाख. आजार हटला नव्हता. टाळेबंदी आणि गुंतलेलं मनुष्यबळ यांमुळे शोधच मंदावला होता. म्हणून सेवा वर्ग करण्याच्या आदेशात मुदत हवी, आणि मागे राहिलेलं नेहमीचं काम कोण पाहणार तेही नावानिशी हवं.