सीएसआर मोठ्यांचं, मग आपलं काय?

"सर, सीएसआर मोठ्या कंपन्यांचं काम, आमचा काय संबंध?" हा प्रश्न दर बॅचला येतोच.

कायद्यापुरतं बोलायचं तर संबंध नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आदल्या वर्षी नेट वर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. आपली पापडाची युनिट त्यात कुठे बसणार!

पण आता शंभर वर्षं मागे जाऊ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला. औंध संस्थानाने कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. जागा कसली, माळरान! निवडुंग आणि साप. आसपास शहर नाही, बाजार नाही. अशा ठिकाणी चांगला कारागीर बायकापोरांना घेऊन येईल का? आला तरी टिकेल का? म्हणून कारखान्याबरोबर वसाहतही उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं. लोकांना हे धाडस वाटलं असणार, पण ज्याला कुणी काम देत नाही तो मिळालेलं काम जिवापाड सांभाळतो, हे मीही पाहिलंय.

गंमत बघा. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च आजच्या कायद्यात सीएसआर म्हणून धरतच नाहीत. म्हणजे धंद्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट सीएसआरच्या हिशोबातच येत नाही! मागास भागात तर तिचा उपयोग जास्तच, कारण गेलेल्या माणसाच्या जागी दुसरा शिकलेला माणूस लगेच मिळत नाही.

अर्थात, चांगुलपणावर माल खपत नाही. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता. तो वसाहतीमुळे गेला नाही, नांगर शेतात चालवून दाखवावा लागला.

आता तुमचं बघू. समजा पापड युनिटमध्ये दहा बायका आहेत. नवीन बाईचा हात बसायला पंधरा दिवस लागतात, तेवढ्यात माल वाया जातो तो वेगळा. संडास नाही, परतीची रिक्षा नाही, म्हणून वर्षात चौघी सोडून गेल्या, तर नुकसान किती? आणि संडास बांधायला खर्च किती? हजेरी वही काढा, मागच्या वर्षी कोण कोण गेलं आणि का, ते लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत तोच हिशोब मांडू.