कोन बदलत नाही, म्हणजे धडक

हुबळीहून अण्णिगेरीमार्गे गदगकडे निघालं की दोन्ही अंगांना काळ्या जमिनीचा सपाट माळ. आडव्या वाटेने दूरवर एखादा ट्रॅक्टर येताना दिसतो. थोड्या वेळाने पुन्हा पाहावं, तर तो बसच्या काचेवरच्या त्याच डागाआड, फक्त मोठा झालेला. पुढे सरकत नाही, मागे पडत नाही. दोघांनी वेग तसाच ठेवला तर तिठ्यावर गाठ पक्की! हुबळी-धारवाडला समुद्र नाही, तरी जहाजांच्या धडकेचं मूळ गणित हेच.

आकडे घालून पाहू. आपलं जहाज उत्तरेला चाललंय, दुसरं आपल्या उजवीकडून, पश्चिमेकडे तोंड करून येतंय. दोघांचा वेग ताशी १२ सागरी मैल. वाटा छेदतात ती जागा दोघांपासून ३ मैलांवर. होकायंत्रावर ते दिसतं ४५ अंशांवर. पाच मिनिटांनी ४५. दहा मिनिटांनीही ४५. पंधराव्या मिनिटाला टक्कर. आता त्याचा वेग १० करा. तेच आकडे होतात ४५, ४७, ५३. म्हणजे ते मागे पडतंय, आपल्या पाठीमागून निघून जाणार.

१९७२ साली ठरलेल्या आणि १९७७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम हाच कोन पाहायला सांगतो. तोही होकायंत्रावरचा, कारण लाटांवर जहाजाचं तोंड सारखं इकडेतिकडे वळतं आणि काचेवरची खूण फसवते. कोन फारसा बदलत नसेल तर धोका आहे. शंका वाटली तरी धोका आहे, असंच धरायचं. हे बजावावं लागतं, कारण आपली नजर हलत्या वस्तूकडे धावते. जीव घेणारी वस्तू मात्र नेमकी जागची हलत नाही. चतुर हा किडा हीच युक्ती उलटी वापरतो: चिलट नजरेत एकाच दिशेला राहील अशा बेताने उडतो आणि त्याला वाटेतच गाठतो.

मग बाजूला कुणी व्हायचं? याचं उत्तर मला फार आवडतं. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. रात्री उजवीकडून आडवं येणारं जहाज आपल्याला लाल दिवा दाखवतं. पंधराव्या नियमाप्रमाणे वाट आपण सोडायची, आणि शक्यतो त्याच्या पुढून घुसायचं नाही. त्याला आपला हिरवा दिसतो. त्याने दिशा आणि वेग राखायचा. सिग्नल प्रत्येकाने अंगावरच वागवलेला.

तरी अपघात होतात. ७ ऑगस्ट २०१०च्या सकाळी, मुंबई बंदराच्या तोंडाशी, न्हावाशेव्याहून बाहेर पडणारं ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारं ‘खलिजिया-३’ आदळली. कंटेनर समुद्रात पडले, तेल रायगडच्या किनाऱ्याला लागलं, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. बंदराच्या अरुंद वाटेत जहाजं वळत असतात, आणि कुणीही सुकाणू फिरवलं की आधी घेतलेला कोन शिळा होतो. तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

सातव्या नियमात आणखी एक खोच आहे. समोरचं जहाज फार मोठं किंवा फार जवळ असेल, तर कोन बदलताना दिसला तरी निर्धास्त होऊ नका. तीनशे मीटरच्या जहाजावर आपण कोन घेतो तो मागच्या टोकाजवळच्या केबिनचा. ती खुशाल आपल्या पाठीमागून जाईल. तिच्या पुढचं दोनशे मीटरांचं धूड आपल्या कुशीत शिरेल.