निकाल हातात, पैसे परदेशात: निर्यातदारानं काय बघावं?

मंडळी, आज आपण सोलापूरच्याच उदाहरणानं बोलू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचा कंटेनर न्हावा-शेवामार्गे परदेशी गेला. माल पोचल्यावर खरेदीदार म्हणाला, ‘क्वालिटी बरोबर नाही, पैसे देत नाही.’ आता दावा कुठं लावायचा?

इथं तीन प्रश्न येतात: कोर्ट कुठलं, कायदा कुठला आणि वसुली कशी? पहिल्या दोन्हींवर आपण खूप भांडतो, पण खरं दुखणं तिसऱ्यात असतं. सोलापूरच्या कोर्टानं हुकूमनामा दिला आणि खरेदीदाराची मालमत्ता अमेरिकेत असली, तर तो तिथं आपोआप चालत नाही. त्या राज्याच्या कायद्यानं मान्यता मिळवावी लागते.

आता उलटी बाजू बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ नुसार, सरकारनं अधिसूचित केलेल्या देशांतल्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे आपल्या जिल्हा न्यायालयात थेट बजावता येतात. ब्रिटन, सिंगापूर या यादीत आहेत. संयुक्त अरब अमिराती जानेवारी २०२० मध्ये आली. म्हणजे दुबईच्या कोर्टाची नोटीस आता बाजूला टाकून चालणार नाही. अमेरिका यादीत नाही. तिथल्या निकालावर इथं नवा दावा लावावा लागतो.

अर्थात कलम १३ ची चाळणी आहेच. निकाल गुणदोषांवर नसेल, नैसर्गिक न्याय पाळला नसेल, फसवणूक झाली असेल, तर तो बंधनकारक नाही. ‘इंटरनॅशनल वूलन मिल्स’ प्रकरणात (२००१) इंग्लंडमधला एकतर्फी हुकूमनामा सर्वोच्च न्यायालयानं याच कारणानं नाकारला. तो गुणदोषांवर दिलेला नव्हता. पण याचा अर्थ गैरहजर राहा असा नाही, बरं का! पुरावा तपासून दिलेला एकतर्फी निकाल टिकू शकतो.

निकालांच्या परस्पर मान्यतेसाठी २०१९ चा हेग करार १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. भारत त्यात नाही. लवादाचं मात्र वेगळं आहे. १९५८ चा न्यूयॉर्क करार भारतानं १९६० मध्ये स्वीकारला, आणि आज १७० हून अधिक देश त्यात आहेत. म्हणून लवादाचा निवाडा परदेशात बजावणं बहुधा सोपं जातं.

तेव्हा ऑर्डर घेतानाच तीन गोष्टी लिहून घ्या: वाद लवादाकडे जाईल, लवादाची सीट अमुक शहर, कायदा अमुक देशाचा. आणि त्याआधी एक विचारा, खरेदीदाराची मालमत्ता आहे कुठं? वसुली तिथंच व्हायची आहे.